कंपनीचा लवाद

“माझ्या नेमणुकीच्या संमतिपत्रावर सही करा, बाई, म्हणजे सुनावणीला प्रारंभ करू,” लवाद मृदू स्वरात म्हणाले. सरोजिनीबाईंच्या फाउंड्रीतील पंपाच्या साच्यावर जी कंपनी हक्क सांगत होती, तिचेच ते कालपरवापर्यंत सल्लागार होते. करारानुसार लवाद नेमण्याचा अधिकारही तिचाच.

“ताई, करा सही,” सरोजिनीबाईंचा वकील कुजबुजला. “न्यायालयात दुसरा लवाद मागत बसलो, तर तोवर भट्टी थंड पडेल.”

साचा गेला तर ती कायमचीच विझणार होती. सरोजिनीबाई उठल्या. “साहेब, आमच्या कोल्हापुरात समोरच्या पैलवानाच्या वस्तादाला कुणी पंच करत नाही.”

“ही कुस्ती नव्हे, बाई.”

“खरंय. तिथं हरलेला पुढच्या जत्रेत पुन्हा उतरतो.”

संमतिपत्रावर त्यांनी ठळक अक्षरांत ‘हरकत आहे’ असे लिहिले. वकिलाने कपाळाला हात लावला. पण फायली गोळा करून न्यायालयात जायला दाराकडे आधी तोच निघाला.