दहाव्याचे मासे

उन्हाळ्यांनी कावळे संपवले, त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून दहाव्याच्या पिंडाला घाटावरच्या काचेच्या टाकीतले सोनेरी मासे शिवत.

सुलभाबाईंच्या पिंडाचा भात पाण्यात सोडून पाऊण तास झाला, तरी एकही मासा त्याकडे वळला नाही. सगळे वर येऊन नुसती तोंडं उघडमीट करत होते.

"आईचं काहीतरी राहिलंय," मुलगा हेरंब म्हणाला. त्याने हात जोडले. "आई, अण्णांना मी सांभाळीन. धाकटीचं लग्नही करून देईन."

मासे हलले नाहीत.

टाकी सांभाळणाऱ्या वनिताताईंनी पाण्यात बोट बुडवलं. "इच्छाबिच्छा काही नाही, दादा. पाणी तापलंय. गरम पाण्यात हवा टिकत नाही, जीव घुसमटतो त्यांचा. खातील कसे?"

त्यांनी बर्फाची बंद पिशवी अलगद पाण्यावर सोडली. पाणी एकदम गार झालं तरी मासे दगावतात, म्हणून सगळे थांबून राहिले. हळूहळू मासे खाली उतरले, शेपट्या हलू लागल्या आणि एकाने शीत टिपलं.

"शिवला!" हेरंबने सुटकेचा निःश्वास सोडला.

अण्णा मात्र बर्फाच्या पिशवीकडेच बघत होते. घरातला एकुलता एसी त्यांच्या खोलीत होता. सुलभाबाई उष्माघाताने गेल्या, त्या दुपारी स्वयंपाकघरातून त्यांनी हाक मारली होती, "अहो, जरा वेळ दार उघडं ठेवता का?"

गारवा जाईल म्हणून अण्णांनी ते उघडलं नव्हतं.