सोड्याचं पाणी

“हात काढ तिथून,” आजी कडाडल्या. “तिथलं माझं मी करते.”

मावशींनी हात काढला नाही. या घरात त्यांचा पहिलाच दिवस होता. पण अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळण्यात वीस वर्षं गेली होती आणि हे वाक्य त्यांनी घरोघरी ऐकलं होतं. त्यांनी गाऊन हळूच बाजूला केला आणि स्तनांखालची घडी उघडून पाहिली. कातडी लालभडक झाली होती. जांघेतही तीच गत. वरून थापलेली सुगंधी पावडर घामात भिजून कणकेसारखी चिकटून बसली होती.

“अगं बाई! हे कशानं झालं?”

आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. तिथे एक डबा होता आणि डब्यात कपडे धुवायचा सोडा होता. आधीच्या बाईकडून त्यांनी तो गुपचूप मागवून घेतला होता.

आजींनी एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात काढली होती. कसलीही चादर येवो, सोड्याच्या पाण्यात बुचकळली की लख्ख. निघत नाही असा वास जगात नाही, असं त्या नव्या बायकांना दटावून सांगायच्या. मग त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि मुलाने त्यांना आपल्या घरी आणून मागची खोली दिली. उन्हाळ्याचे दिवस. पडल्या पडल्या अंगाखाली घाम साचायचा. असाच एकदा मुलगा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या नाकाला रुमाल होता. आजींना तो रुमाल जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी डबा आला. अंग पुसायच्या पाण्यात रोज दोन चमचे सोडा. आग आग व्हायची, तसा आजींना हुरूप यायचा. झोंबतंय म्हणजे काम करतंय.

“आजी, चादर वेगळी आणि कातडी वेगळी,” मावशी म्हणाल्या. “चादर फाटली तर कपाटातून दुसरी काढता येते.”

“मोठी आली मला धुणं शिकवणारी!” आजी फणकारल्या. पण लगेच त्यांचा आवाज खाली आला. “वास गेला पाहिजे गं. तो आत पाऊलच टाकत नाही. दारातूनच ‘जेवलीस का’ विचारतो आणि जातो. इथे आणलं तेव्हा सुरुवातीला कामावरून आला की माझ्या शेजारी लवंडायचा. बोलता बोलता घोरायला लागायचा गाढव.”

मावशींनी डॉक्टरांना बोलावून कातडी दाखवली, मलम आणलं. सोडा आणि पावडर दोन्ही बंद. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी, साधा सौम्य साबण, तोही नखाएवढा, आणि साबण पुरता निघेपर्यंत पुन्हा पाणी. घासायचं नाही, मऊ पंच्याने टिपायचं. घडी कोरडी झाली की त्यात पातळ सुती कापडाची पट्टी ठेवायची आणि ओली होताच बदलायची. घाम येणं हा काही गुन्हा नाही, तो साचू द्यायचा नाही एवढंच. आजी पहिल्या दिवशी कुरकुरल्या, दुसऱ्या दिवशी चार शिव्या हासडल्या आणि चौथ्या दिवशी न सांगता हात वर करू लागल्या. मावशींना त्या पंधरा दिवस रोज एकच प्रश्न विचारत होत्या. “येतो का गं अजून?”

सोळाव्या दिवशी कातडी कोरडी, साफ झाली. मावशींनी अगदी जवळ जाऊन वास घेतला. “काही नाही, आजी. साबणाचासुद्धा नाही.”

तो रविवार होता. आजींनी वेणी घालून घेतली, धुतलेला गाऊन घातला आणि पलंगाला खेटून खुर्ची ठेवायला लावली. खुर्ची दोनदा सरकवून घेतली, आणखी जवळ.

मुलगा अकराच्या सुमारास आला. तो काही वाईट नव्हता. औषधं संपायच्या आत आणायचा, पंखा बिघडला तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यायचा. आजही तो दारातच थांबला.

“जेवलीस का, आई?”

“आत या ना,” मावशींनीच सांगितलं. “बसा जरा. आता वास अजिबात येत नाही.”

मुलगा गोंधळला. “वास? कसला वास?”

“तुम्ही त्या दिवशी नाकाला रुमाल धरला होता. आजींनी पाहिलं.”

“अहो, सर्दी झाली होती मला!” तो मोकळेपणाने हसला. “काहीतरीच मनात घेतेस तू, आई. या खोलीत मला कधीच वास आला नाही.” मग त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “चल, निघतो. काही लागलं तर मावशींना सांग.”

त्याची पावलं दूर गेली. आजी रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी कुणाला शिवी दिली नाही, आणि मावशींना त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या सकाळी मावशी कोमट पाणी घेऊन आल्या. आजींनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

“आज पुसायचं नाही. उद्याही नाही.”

“असं कसं, आजी? आत्ता कुठे बरं झालंय. घाम साचला तर पुन्हा वास यायला लागेल.”

“येऊ दे,” आजी म्हणाल्या. “वास होता तोवर तो का येत नाही, हे तरी मला ठाऊक होतं.”