चौथा वन्स मोअर

साठी उलटली तरी गणपतराव नाटकात राजपुत्रच होते. मिशा काळ्या केलेल्या, पोट शेल्यात आवळलेलं. पद मात्र अजून गोड गायचे, हे नजीरालाही नाकारता येईना. त्याचाच तिला जास्त राग होता.

पद संपलं. तिसऱ्या रांगेत तिने धाकट्या भावाला कोपर मारलं. इलाही ओरडला, "वन्स मोअर!"

कोल्हापूरचं थिएटर, त्यात रविवारची दुपार. लोकांना निमित्तच हवं होतं. गणपतराव खुशीत पुन्हा गायले. तिने पुन्हा कोपर मारलं. तिसऱ्या वन्स मोअरला वर चढलेली तान मध्येच तुटली. पायपेटीवाल्याने सूर लावून ती कशीबशी झाकली.

"आपा, बस कर की आता," इलाही कुजबुजला. "घसा फाटंल म्हाताऱ्याचा."

"माजा न्हाय फाटला?"

एके काळी याच थिएटरात, गणपतरावांच्याच कंपनीत ती नायिका होती. अंगात ताप, घसा सुजलेला आणि समोरून वन्स मोअर. विंगेत तिने गणपतरावांचे पाय धरले होते. "प्रेक्षक मायबाप. गा!" म्हणत त्यांनी तिला पुन्हा पुन्हा बाहेर ढकललं. त्या दिवशी आवाज गेला तो गेलाच. आठवड्याभरात कंपनीला नवी नायिका मिळाली.

"ओरड," नजीरा म्हणाली.

इलाहीने मान खाली घातली. "मला न्हाय जमायचं."

मग ती स्वतःच उभी राहिली.

"वन्स मोअर!"

पत्रा घासावा तसा तो आवाज. मागच्या रांगेत पोरंटोरं फिदीफिदी हसली. गणपतराव हसले नाहीत. इतक्या वर्षांनी तोंड ओळखलं नसतं, पण हा आवाज त्यांनी विंगेत ऐकलेला होता. त्यांनी घशाला हात लावला, तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

लोकांना वाटलं, एवढा मोठा नट आणि केवढा हा विनय! टाळ्यांचा कडकडाट झाला. पार बाल्कनीपर्यंत सगळं थिएटर ओरडायला लागलं. पायपेटीवाल्याने नाइलाजाने सूर धरला.

नजीरा पदर सावरून खाली बसली.

"ऱ्हाऊ दे," ती इलाहीला म्हणाली. "आता लोक हायेत की."