गाठीची भूक

पेट स्कॅनला उपाशीपोटी या, असं सांगितलं होतं. त्यात अवघड काहीच नव्हतं. विद्वांस मास्तरांनी आठवडाभर घासच घेतला नव्हता.

डॉक्टरांनी पडद्यावर मास्तरांना आणि प्रमिलाबाईंना गाठ दाखवली. “औषधाने हिची भूक मंदावायला हवी होती. पण सुईतून दिलेली साखर ही अजून पहिल्यासारखीच फस्त करतेय.”

“म्हणजे आता?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

“आता दुसरं औषध उरलं नाही. यांना आवडेल ते खाऊ घाला.”

घरी येऊन प्रमिलाबाईंनी शिरा केला. चमचा मास्तरांच्या ओठांशी नेला आणि हात तिथेच थांबला. चाळीस वर्षांच्या संसारात कुणाला खाऊ घालणं पहिल्यांदाच त्यांच्या जिवावर आलं होतं.

मास्तरांनी आपणहून तोंड उघडलं. “भरव गं. गाठीचं पोट भरलं की उरलंसुरलं मला मिळेल.”