दाराशी शिंपला

धुरात शिरलं की उजवा हात भिंतीवरून काढायचा नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. म्हणून खेळातला, पडद्यावरचा तो छोटासा माणूसही भिंतीला घासत घासत चालला होता. बाहेर समुद्र होता, टेकडी होती, आभाळ तर कुणी ओल्या रंगांनी नुकतंच रंगवल्यासारखं. पण त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बेटावर उतरला आणि थेट धुक्यातल्या घरात शिरला.

"बाबा, जरा बाहेर हिंड की," सोफ्यावर मांडी घालून बसलेली लेक म्हणाली. "किती छान पक्षी आहेत तिकडे."

"यात जिंकायचं कसं?"

"जिंकायचं नसतंच. मरायचंही नाही. नुसतं हिंडायचं."

"म्हणजे तुझ्या आत्याचं बाजारात जाणं. चार तास हिंडायचं आणि रिकाम्या हातांनी घरी यायचं."

लेक हसली. तोही हसला, पण कंट्रोलरवरचे त्याचे अंगठे घामाने निसटत होते.

तो अग्निशमन दलात होता. आगीत शिरून माणसं बाहेर काढणं हे त्याचं काम. गेल्या हिवाळ्यात एका जळत्या इमारतीतून बाहेर येऊन त्याने हात वर केला होता आणि ओरडून सांगितलं होतं, "वर कुणी नाही." आग विझल्यावर कळलं की एका कपाटामागे दार होतं. दारामागे खोली होती. खोलीत एक म्हातारा शिंपी होता.

कुणी त्याला बोल लावला नाही. तेवढ्या धुरात कपाटामागचं दार कुणाला दिसलं असतं? पण तेव्हापासून बंद खोली पाहिली की त्याचे पाय जमिनीला खिळायचे. मागच्या आठवड्यात सरावाच्या धुराच्या खोलीसमोर तो नुसता उभा राहिला. शिट्टी वाजली, सोबतचे आत गेले, बाहेरही आले, आणि हा उंबऱ्यावरच. उद्या सकाळी पुन्हा तीच परीक्षा होती. "जमलं तर बंबावर," साहेब म्हणाले होते, "नाहीतर टेबलावर. तुला मी काही कमी लेखणार नाही." साहेब मनापासून बोलले होते, हेच त्याला जास्त लागलं होतं.

आणि आता लेकीने मन शांत व्हावं म्हणून हा खेळ हातात दिला होता. सबंध सुट्टी ती यात डोकं खुपसून बसली होती. डोळे फोडून घेशील, म्हणून तो तिला दोनदा रागेही भरला होता.

पहिलं दार आलं. उंबऱ्यावर एक पांढरा शिंपला पडला होता. आत खाट, खिडकी, धुकं. कुणी नाही.

दुसरं दार. पुन्हा शिंपला, उंबऱ्याच्या बरोबर मध्यावर.

तिसऱ्या दाराशीही शिंपला दिसला तेव्हा त्याच्या पाठीतून शिरशिरी गेली. शिंपले समुद्रावर असतात. घरात आपल्या पायांनी येत नाहीत. कुणीतरी त्याच्या आधी इथे आलं होतं. कुणीतरी अजून आत होतं. धुकं दाट झालं आणि त्याला खरोखरचा धूर घशाशी आल्यासारखा वाटला. हे चित्र आहे, खेळ आहे, समोर आपलीच भिंत आणि आपलंच घड्याळ आहे, असं तो मनाला बजावत होता. पण मन काही ऐकेना. मारायला एखादा शत्रू असता तर बरं झालं असतं. इथे नुसत्या खोल्या होत्या.

शेवटच्या खोलीत दुसरं काहीच नव्हतं. फक्त भिंतीला टेकून एक कपाट होतं.

त्याचे अंगठे थांबले. कपाटाची गोष्ट त्याने घरात फक्त बायकोला सांगितली होती. स्वयंपाकघरात, नळ सोडून, हळू आवाजात. लेक तेव्हा बाहेर हाच खेळ खेळत बसली होती.

"आत कोण आहे गं?" त्याने विचारलं. आवाज फाटला.

"कुणी नाही."

"मग शिंपले कुणी ठेवले?"

"मी." ती थोडी सरकून त्याच्याजवळ बसली. "खोली बघून झाली की दाराशी खूण करायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं. तूच नाही का सांगितलंस? यात खडू नाही मिळत. म्हणून शिंपले आणले."

"सगळ्या खोल्यांना?"

"सगळ्या घरांना. सगळ्या बेटांवर. तुला द्यायच्या आधी."

तो पडद्याकडे बघत राहिला. कपाट जागचं हललं नव्हतं. ते हलवायचं की उठून चहा ठेवायचा, एवढाच काय तो प्रश्न. लेकीने कंट्रोलरला हात लावला नाही.

त्याने खांदा लावला. म्हणजे पडद्यावरच्या त्या छोट्या माणसाने लावला, पण सोफ्यावरचा त्याचा खांदाही पुढे झुकला. कपाट करकरत सरकलं.

मागे एक बुटकं दार होतं. त्याच्या उंबऱ्यावर, धुक्यातही लख्ख दिसतील असे, शेजारी शेजारी दोन शिंपले होते.

"तिथे मी दोनदा बघून आले, बाबा," लेक म्हणाली.