एकशे वीस आजारी कोंबड्या

रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनच्या मते एकशे वीस कोंबड्यांनी एव्हाना प्राण सोडायला हवा होता. रक्तात पांढऱ्या पेशी वीस-पंचवीस हजार असायच्या, तिथे कागदावर दोन-दोन लाख उमटत होत्या. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. या मेलेल्या तर दाण्यांसाठी एकमेकींना ढुशा देत होत्या.

"शेडमध्ये साथ शिरलीय," प्रयोगशाळेचे मोठे साहेब म्हणाले. "चार वाजता माणसं येतील. एकही ठेवायची नाही."

साहेब गेले आणि कोंबड्यांवर प्रयोग करणारा पोरगा, आत्याचा भाचा, स्टुलावर बसला. स्टुलावर आधीच ट्रे होता, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने चाळीस कोंबड्यांना जंतू मारणारं औषध चारलं होतं, चाळिसांना चांगल्या जंतूंची पावडर आणि उरलेल्या चाळिसांना नुसते दाणे. कशाने रक्त कसं बदलतं, हे बघण्यात तीन महिने गेले होते. या काळात तो कोंबड्यांखेरीज कोणाशी धड बोलला नव्हता, आणि घरच्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

त्याची सख्खी आत्या सिंकपाशी नळ्या धूत होती. सव्वीस वर्षं तिने याच खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या होत्या. गेल्या आठवड्यात मशीन आलं आणि तिच्याकडे नळ्या आल्या.

"आजारी कोंबडी मान टाकते," ती म्हणाली. "तुझ्यातल्या एकीने सकाळी माझी चप्पल पळवली."

"आत्या, मशीन कशाला खोटं बोलेल?"

"खोटं नाही रे बोलत. ते माणसांच्या दवाखान्यासाठी बनलंय. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, म्हणून केंद्रक दिसलं की ते पांढरी म्हणून मोजतं. कोंबडीच्या तांबडीत केंद्रक असतं की नाही?"

भाचा स्टुलावरून उठला. "पहिल्या वर्षाला हा प्रश्न होता. पाच मार्कांना."

"किती पडले?"

"पाच."

"शाब्बास," आत्या म्हणाली आणि हात पुसले. "अठरा नळ्या काढ. प्रत्येक गटातल्या सहा."

बारा वाजता ती बसली. रक्ताचा थेंब रंगात मिसळायचा, आखीव काचेवर सोडायचा आणि चौकोनामागून चौकोन पांढऱ्या तेवढ्या टिपायच्या. जेवणाच्या डब्याचं झाकण तिने उघडलं नाही. सात नळ्या झाल्यावर भाच्याने विचारलं, "पाणी देऊ?"

"मधे बोललास, ही नळी पहिल्यापासून."

मग भाचा श्वाससुद्धा बाहेर पॅसेजमध्ये जाऊन घेऊ लागला.

पावणेचारला साहेब आले. आत्याने कागद पुढे केला. एकाही कोंबडीचा आकडा तीस हजारांवर नव्हता. पावडरवाल्या आणि दाणेवाल्या बरोबरीने होत्या, औषधवाल्या थोड्या खाली.

"ताई, तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू की मशीनवर?"

"बोट द्या."

साहेबांनी बोट दिलं आणि मग कशाला ते विचारलं. तोवर सुई टोचून झाली होती. अर्धं रक्त मशीनला मिळालं, अर्धं आत्याला. मशीनने मिनिटात सात हजार शंभर सांगितलं. आत्याने दहा मिनिटांनी सात हजार दोनशे सांगितलं.

"माणसाच्या बाबतीत आमचं दोघांचं जमतं," ती म्हणाली आणि कोंबडीच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "आता हे बघा."

साहेब वाकले. "या लांबट सगळ्या तांबड्या ना? मग मधे हा ठिपका कसला?"

"केंद्रक, साहेब. कोंबडीला असतं. तुम्हाला नाही."

साहेब वाकलेलेच राहिले. बहुधा पहिल्या वर्षाचे मार्क आठवत असावेत.

दारात चार माणसं उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये. साहेब सरळ झाले. "परत जा. साथबीथ काही नाही. मोजायला आमचं चुकलं."

"आमचं?" भाचा पुटपुटला. आत्याने त्याला कोपर मारलं.

"जातो की," त्यातला पुढचा म्हणाला. "पण फॉर्म कोरा नेता येत नाही. 'नष्ट केलेले पक्षी', इथे आकडा लागतो."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि पेन आत्याकडे दिलं.

आत्याने चष्मा पुसला, फॉर्म टेबलावर सपाट केला आणि त्या बारक्या चौकोनात शून्य काढलं. ते चौकोनात मावलं नाही.