पिवळी भाकर

"आता भाकरीत पण?" नंदाबाई ताटाकडं बघून पुटपुटल्या. "दुसऱ्यांदा लगीन लागून राह्यलंय का माझं?"

शेजारी बसलेल्या सुनेला, दैवशालाला, हसू आवरेना. चुलीपुढं बद्रीनाथ होते. बायकोचं दुखणं निघाल्यापासून भाकरी तेच थापायचे, आणि हळद चालेल का, हे डॉक्टरांना त्यांनीच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, जेवणात असते तेवढी चालेल. हळदीच्या गोळ्या, काढे मात्र मला विचारल्याशिवाय नकोत, औषधाच्या आड येतात. बद्रीनाथांनी त्यातलं 'जेवणात चालेल' एवढंच घट्ट धरलं. वरण पिवळं होतंच. मग भात झाला, ताक झालं, आणि आज ज्वारीची भाकर.

नंदाबाईंनी तुकडा मोडला. तोंडाला चव नव्हती. तरी दुसराही मोडला.

नंदाबाईंची नणंद वंदना सकाळीच वाटूरहून भेटायला आलेली. "वहिनी, तोंडावर तेज आलंय बघा. हळदीनं गुण दिला. मंग उद्याची ती सुई कशाला? डोक्यावर एक केस ठेवला न्हाई तिनं."

त्या घरात 'ते दुखणं' होतं आणि 'ती सुई' होती. नाव कुणी घेत नसे.

दैवशालानं सासऱ्याकडं पाहिलं. ते तव्यावरची भाकर उलटत राहिले. "एक डाव थांबून बघू," म्हणाले. "हळद तर चालूच हाय."

"मामा, डॉक्टर तसं म्हणले न्हाईत."

"माहीत हाय." भाकर करपायला लागली तरी त्यांचा हात हलला नाही. "मागच्या बारीला जालन्याहून येताना ही रस्ताभर गाडीत ओकत होती. मला न्हाई बघवत."

नंदाबाईंनी शेवटचा घास ताकाबरोबर खाली उतरवला आणि ताटात हात धुतला.

"मंग उद्या पुढं डायवरपाशी बसा," त्या म्हणाल्या. "मागं माझ्याजवळ वन्सं बसतील. भाकर चांगली झालीय, रोज करा, मी खाईन. पण अहो, कॅन्सर हाय तो. आन् मला जगायचंय."